पदविकेकडून पदवीकडे : प्रवेशानंतरची कसोटी



उच्च शिक्षणाच्या संधींची चर्चा बहुधा प्रवेशापाशी येऊन थांबते. जागा किती, पात्रता कोणती, शुल्क किती, या प्रश्नांना मिळणारे महत्त्व रास्तच आहे. तथापि, एका संस्थेतील शिक्षण पूर्ण करून दुसऱ्या संस्थेतील वरच्या अभ्यासक्रमात मधूनच दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याची खरी कसोटी प्रवेश निश्चित झाल्यानंतर सुरू होते. त्या टप्प्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही.

तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याचा मार्ग आपल्या देशात चांगलाच रुळलेला आहे. महाराष्ट्रात हे प्रवेश पदविकेच्या गुणांवर होतात. कर्नाटकात डीसीईटी, आंध्र प्रदेश व तेलंगणात ईसीईटी, तर पश्चिम बंगालमध्ये जेलेट ही परीक्षा त्यासाठी घेतली जाते. दहावीनंतर हाती लवकर कसब यावे म्हणून तंत्रनिकेतनाची वाट धरणाऱ्या, ग्रामीण भागातील आणि बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांतील अनेक मुलामुलींसाठी पदवीचे दार याच मार्गाने उघडते.

या वाटेवरील पहिला धोका जुन्या संस्थेतच असतो. काही राज्यांत अंतिम वर्षाचे विद्यार्थीही प्रवेश परीक्षेस बसू शकतात. चांगला क्रमांक लागला की शेवटच्या सत्राकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. परंतु पदविका उत्तीर्ण झाल्याशिवाय आणि किमान गुणांची अट पूर्ण झाल्याशिवाय तो प्रवेश कायम होत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातही सामुदायिक महाविद्यालयातून राज्य विद्यापीठात जाणाऱ्यांना मिळणारे प्रवेशपत्र सशर्त असते. उरलेले विषय अपेक्षित श्रेणीने पूर्ण न झाल्यास ते रद्द होऊ शकते.

दुसरा धोका नव्या संस्थेत समोर येतो. पदविकाधारक विद्यार्थी थेट तिसऱ्या सत्रात बसतो. यंत्रशाळा, प्रयोगशाळा आणि अभियांत्रिकी आरेखन यांत त्याचा हात बसलेला असतो. अनेकदा तो वर्गातील इतरांपेक्षा सरस ठरतो. गणितात मात्र चित्र पालटते. तिसऱ्या सत्रातील लाप्लास ट्रान्सफॉर्म किंवा फूरिये सिरीज शिकवताना पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित झालेले आहे असे गृहीत धरले जाते. पदविकेचे गणित उपयोजनापुरते असल्याने मधली एक पायरी निसटलेली असते. त्यात प्रवेशफेऱ्या लांबल्या, तर विद्यार्थी वर्गात पोहोचेपर्यंत काही पाठ होऊनही गेलेले असतात.

ही अडचण एखाद्याच्या बुद्धीतील उणीव नव्हे. अमेरिकी संशोधक जॉन हिल्स यांनी १९६५ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांतून विद्यापीठांत गेलेल्यांच्या कामगिरीचा आढावा घेतला. स्थलांतरानंतर गुणांत होणाऱ्या या घसरणीला त्यांनी 'ट्रान्सफर शॉक', म्हणजे स्थलांतराचा धक्का, असे नाव दिले. पुढील काळात बहुतेकांचे गुण सावरत असल्याचेही त्यांना आढळले. धक्का तात्पुरता असू शकतो; मात्र त्यातून सावरण्यास अवधी लागतो आणि थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्याकडे नेमका अवधीच कमी असतो.

हे साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. या विद्यार्थ्याची पदवी आठ नव्हे, सहा सत्रांची असते. सर्व सत्रांचे श्रेयांक समान मानले आणि पहिल्या दोन सत्रांत १० पैकी सरासरी ५ गुणांक मिळाला, तर अखेरीस ७ गाठण्यासाठी उरलेल्या चारही सत्रांत सरासरी ८ मिळवावा लागतो. नोकरभरतीसाठी कंपन्या बहुधा सातव्या सत्रात महाविद्यालयात येतात. तोपर्यंत त्याच्या हाती फक्त चार सत्रांचे निकाल असतात. तेव्हाच ७ ची सरासरी दाखवायची, तर मधल्या दोन सत्रांत ९ गुणांक हवा. त्यात एखादा विषय राहिलेला असेल, तर अनेक ठिकाणी मुलाखतीची पायरीही चढता येत नाही.

शिष्यवृत्तीचेही असेच आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मुलींसाठीची 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची असून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या विद्यार्थिनींनाही ती खुली आहे. तिच्या नूतनीकरणासाठी वरच्या वर्गात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. वर्ष वाया गेले, तर एखाद्या मुलीचे शिक्षणच थांबण्याची वेळ येऊ शकते.

यावर उपाय आहेत. पदविकेची अंतिम परीक्षा आणि पदवीचे वर्ग यांमधील आठवडे हा सर्वांत मोलाचा काळ होय. त्या काळात पहिल्या वर्षाच्या गणिताची उजळणी करावी. 'स्वयम्' मंचावरील व्याख्याने त्यासाठी सहज उपलब्ध आहेत. पहिल्या अंतर्गत चाचणीत कमी गुण मिळाले, तर सत्रान्त परीक्षेची वाट न पाहता त्याच आठवड्यात शिक्षकांकडे जावे. इंग्रजी ग्रंथांची सवय नसलेल्यांनी रोज थोडे वाचन ठेवावे आणि एकट्याने न झगडता गटाने अभ्यास करावा.

तथापि, सारा भार विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. भिन्न पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, आरेखन अशा विषयांचे सेतू अभ्यासक्रम द्यावेत, ही तंत्रशिक्षण परिषदेची अपेक्षा आहे. हे वर्ग सत्र निम्मे सरल्यावर, केवळ नोंदीपुरते घेतले गेले, तर त्यांचा उपयोग होत नाही. ते पहिल्याच आठवड्यात सुरू व्हावेत, उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा घेतले जावेत आणि याच वाटेने आलेला वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून सोबत असावा. यासाठी मोठा निधी लागत नाही. नियोजन मात्र लागते.

हा प्रश्न यापुढे केवळ अभियांत्रिकीपुरता राहणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविध प्रवेश व निर्गमनाची कल्पना मांडली आणि २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम केले. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक साठवून दुसऱ्या संस्थेत वापरण्याची सोय त्यातून झाली. श्रेयांक खात्यातून खात्यात जातील. पण ज्ञानाची पूर्वतयारी अशी आपोआप जात नाही. ती विद्यार्थ्याने कष्टाने आणि संस्थेने आस्थेने घडवावी लागते.

म्हणून या मार्गाचे यश मोजताना किती जणांना प्रवेश मिळाला, एवढेच पाहून चालणार नाही. त्यांपैकी किती जण पहिल्या सत्रात टिकले आणि किती जण वेळेत पदवीधर होऊन बाहेर पडले, याचीही नोंद प्रत्येक महाविद्यालयाने ठेवावी. मिळालेली संधी अखेरपर्यंत निभावता आली, तरच ती खऱ्या अर्थाने संधी ठरते.