शस्त्रक्रियेनंतर परतलेलें दुखणें
(ज्युबिलीनिमित्त पॅरिशच्या सभागृहांत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवसांत आपण सर्व आनंदानें एकत्र जमतों. परंतु आपल्यामध्यें कांहीं माणसें अशीं असतात कीं, तीं मागच्या बांकावर बसतात आणि समारंभ अर्ध्यावर असतां मुकाट्यानें घरीं जातात. त्यांस काय होतें हें बाहेरून दिसत नाहीं. अशाच एका दुखण्याविषयीं बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आम्ही वैद्य नव्हों. परंतु हें दुखणें आमच्या घरांत आहे, त्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, आणि कांहीं काळाच्या स्वास्थ्यानंतर लक्षणें परत आलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

या दुखण्यास किआरीची विकृति म्हणतात. प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ हान्स किआरी यांनीं १८९१ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यावरून हें नांव पडलें. कवटीच्या तळाशीं एक मोठें छिद्र असतें; तेथें मेंदू व मज्जारज्जु एकमेकांस मिळतात. लहान मेंदूचीं टोकें या छिद्रांतून साधारणतः ५ मिलिमीटर वा अधिक खालीं उतरलीं म्हणजे तेथें दाटी होते, आणि मेंदूभोंवतीं खेळणाऱ्या द्रवाची वाट अडते. मग खोकतांना, शिंकतांना वा ओझें उचलतांना डोक्याच्या मागें कळ येते, तोल जातो, घांस गिळतांना ठसका लागतो. कित्येकांच्या मज्जारज्जूंत द्रवाची पोकळी धरते; तिला सिरिंक्स म्हणतात. तिच्यामुळें हात बधिर होतात, आणि ऊन व थंड यांतील भेद बोटांस कळेनासा होतो.

शल्यवैद्य कवटीच्या मागच्या हाडाचा थोडा भाग, आणि बहुधा मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान, काढून जागा मोकळी करितात. पुष्कळदा मेंदूचें आवरण उघडून त्यास ठिगळ लावितात. यानें बहुतेकांस आराम पडतो, आणि खोकल्यासरशीं उठणारी कळ तर विशेष कमी होते. परंतु वर्षानुवर्षें दाबून झिजलेला मज्जातंतु शस्त्रक्रियेनें नवा होत नाहीं. म्हणून पोकळी आटली तरी हाताचा बधिरपणा राहूं शकतो.

लक्षणें परत आलीं कीं रुग्ण म्हणतो, "सर्व व्यर्थ गेलें." शेजारी म्हणतात, "ऑपरेशन तर झालें. आतां हे मनाचे खेळ." आमचें सांगणें एवढेंच कीं, हे दोन्ही निवाडे घाईचे आहेत. परतलेल्या लक्षणास कारण असतें, आणि तें शोधावें लागतें. कधीं शस्त्रक्रियेच्या जागीं व्रण भरतांना पडदे चिकटतात व द्रवाची वाट पुन्हां अडते. कधीं जागा पुरेशी मोकळी झालेली नसते. कधीं आवरणांतून द्रव झिरपतो, वा मेंदूच्या आंत साचतो. कधीं मानेचे मणके अस्थिर असतात. कधीं अर्धशिशी वा मानेच्या स्नायूंचें दुखणें निराळेंच असतें. आणि वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने वारंवार घेतल्या तर त्यांमुळेंही डोकें दुखतें.

मूळ कारणाविषयीं शल्यवैद्यांतही मतभेद आहेत. मुंबईचे डॉ. अतुल गोयल यांनीं २०१५ सालीं असें प्रतिपादिलें कीं, मानेच्या पहिल्या दोन मणक्यांची अस्थिरता हेंच या विकृतीचें मूळ असून ते मणके जखडून स्थिर करावे. हें मत सर्वांस मान्य झालेलें नाहीं. तेव्हां दुसरी शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास आणखी एका शल्यवैद्याचा सल्ला घेण्यांत कोणाचाही अपमान नाहीं.

त्यासाठीं एक वही ठेवावी. कोणतें लक्षण, केव्हां, काय करीत असतां आलें, निजल्यानें वाढलें कीं उतरलें, हें तारखेसह लिहावें. शस्त्रक्रियेपूर्वींच्या व नंतरच्या एम्.आर्.आय्. फिल्मा एका पिशवींत क्रमानें ठेवाव्या. जुनीनवी ताडून पाहिल्यावांचून वैद्यासही निर्णय करणें कठीण. परंतु हातापायांतील बळ एकाएकीं गेलें, लघवी वा शौच यांवरील ताबा सुटला, श्वास अडूं लागला, गिळणें अवघड झालें, डोकेंदुखीबरोबर वांती व गुंगी आली, किंवा ताप येऊन मान ताठली, तर वही बाजूस ठेवून तत्काळ इस्पितळ गांठावें.

घरांतील नियम साधे आहेत. पाण्याचा हंडा दुसऱ्यानें उचलावा. बधिर हातानें गॅसवरचें पातेलें धरूं नये. आंघोळीच्या पाण्याची ऊब, ज्यास स्पर्श नीट कळतो, अशानें पाहावी. बद्धकोष्ठ व खोकला अंगावर काढूं नये. न्हाव्याकडून वा मालिशवाल्याकडून मान मोडून घेऊं नये. काम थोडें थोडें करावें. एका चांगल्या दिवशीं आठवड्याचें काम उरकूं पाहाणारा पुढील चार दिवस अंथरुणांत काढितो. मन खचल्यास तेंही वैद्यास सांगावें. दीर्घ वेदनेनें मन खचतें, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां शेजाऱ्यांस दोन शब्द. "बरें आहे ना?" असें विचारलें म्हणजे "होय" म्हणण्यावांचून रुग्णास गति राहात नाहीं. "आज कसें आहे?" असें विचारावें, आणि उत्तर ऐकण्यापुरतें थांबावें. मिस्सेच्या वेळीं जो गुडघे टेकीत नाहीं, त्याच्या भक्तीचें माप काढूं नये. उठतांना त्याचा तोल जात असेल. इस्पितळाच्या तारखेस सोबत जाणें, मुलांस शाळेंतून आणणें, एक वेळचें जेवण पोंचविणें, एवढ्यानेंही एका घराचा दिवस निभतो.

शस्त्रक्रिया रुग्णालयांत एका दिवसांत होते. तीनंतरचीं वर्षें मात्र गांवांत, आपल्या सर्वांच्या मध्यें, काढावयाचीं असतात. त्या वर्षांत रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवणें आपल्या हातीं आहे.