किती रेकॉर्डी म्हणजे पुरे?

(मंडळाच्या वार्षिक निधिसंकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद, सकाळपासून मागच्या किचनमध्ये वडे तळणारी आपली तरुण मंडळी आणि जमलेल्या सर्व रसिकहो,

जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं बोला, असा मला आदेश आहे. वड्यांचा वास हॉलमध्ये येऊ लागला की माझं भाषण संपलं असं समजा. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर खोकी मांडलेली तुम्ही पाहिलीच असतील. त्यात माझ्या रेकॉर्डी आहेत आणि आज त्यांचा लिलाव आहे. मी रेकॉर्डी देतोय हे कळल्यावर तीन-चार जणांनी फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी केली! तब्येत उत्तम आहे. मग इतक्या वर्षांनी या रेकॉर्डी का देतोय? त्याचंच उत्तर आज द्यायचं आहे.

आधी रेकॉर्डीविषयी थोडं. आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने फ्रेड गैसबर्ग यांना कलकत्त्याला पाठवलं आणि त्यांनी गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता बाई इंग्रजीत आपलं नाव सांगत. त्या तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. १९०८ साली कलकत्त्याला सियालदहमध्ये कारखाना निघाला, पुढे १९२८ मध्ये डमडमला. पण मूळ कंपनी इथलीच. साउथॉलला भाजी-मसाला आणायला आपण जातो ना, त्याला लागूनच हेझ आहे. कंपनीचा मोठा कारखाना तिथे होता. १९०७ साली त्याची कोनशिला नेली मेल्बा या त्या काळच्या प्रसिद्ध गायिकेने बसवली. आज त्या जागेवर फ्लॅट्स झालेत आणि वसाहतीचं नाव ठेवलंय 'द ओल्ड व्हिनाइल फॅक्टरी'. म्हणजे आपल्या आजोबांच्या दिवाणखान्यातल्या त्या कुत्र्याच्या चित्राच्या रेकॉर्डीचं माहेर आपल्या किराणा दुकानापासून हाकेच्या अंतरावर!

जुन्या ७८च्या रेकॉर्डी लाखेच्या. लाख आपल्याच जंगलातली. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, सगळ्यांनी आपली कला त्या तीन मिनिटांत बसवली. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. ख्यालाला पाय पसरायला जागा झाली.

मी या देशात आलो १९७८ साली. सामानात वीस किलोची मर्यादा, आणि त्यात आईने दिलेलं मेतकूट, गोडा मसाला, दोन स्वेटर. स्वेटरांच्या घडीत सात एलपी. तुमच्यापैकी अनेकांनी असंच काहीतरी आणलं असेल. सात रेकॉर्डी असताना 'किती पुरे' हा प्रश्न पडत नाही. बाहेर बर्फ, खोलीत पेन्सवर चालणारा गॅसचा हीटर आणि भीमसेनजींचा आवाज. रोज तीच एलपी वाजायची. शेजारच्या आयरिश म्हाताऱ्यालासुद्धा ती चाल पाठ झाली होती.

मग सातांच्या अकराशे कशा झाल्या?

पहिलं कारण भारतवारी. दर खेपेला पाच-दहा यायच्या. दुसरं कारण इथली चॅरिटी शॉप्स आणि बूट सेल. सीडी आल्यावर लोकांनी एलपी अक्षरशः वाटून टाकल्या. पन्नास पेन्सला रविशंकर मिळत असतील तर हात आखडता कोण घेईल? तिसरं कारण म्हणजे 'सेट पूर्ण करणं'. हा एक आजारच आहे. एका गायकाच्या आठ एलपी आहेत आणि नववी नाही, तर घरातल्या आठ दिसत नाहीत, दुकानातली नववी दिसते. आणि चौथं कारण तुम्ही! होय, तुम्हीच. घर बदलताना, पोटमाळा आवरताना, कुणी गेल्यावर, "काका, तुम्ही जमवता ना? मग हेही घ्या." नाही कसं म्हणायचं? त्या रेकॉर्डींवर कुणाच्या तरी लग्नाची तारीख लिहिलेली असते. कव्हरवर चहाच्या कपाचा गोल डाग असतो. मी सगळं घेत गेलो.

आता थोडं गणित. मी पेशाने इंजिनियर, त्यामुळे त्याशिवाय गत्यंतर नाही.

जागा: एका फुटात साधारण पंचाहत्तर एलपी मावतात. अकराशे म्हणजे पंधरा फूट. वजन: कव्हरसकट एक एलपी दोनशे ते अडीचशे ग्रॅम. अकराशेंचं झालं जवळजवळ अडीचशे किलो, म्हणजे तीन धडधाकट माणसं कायम उभी! आपल्या इथल्या घरांचे पोटमाळे एवढा भार घेण्यासाठी बांधलेले नसतात. शिवाय तिथे हिवाळ्यात दमट आणि उन्हाळ्यात भट्टी. दमटपणाने कव्हरांना बुरशी येते, उष्णतेने एलपी वाकते.

पण खरं गणित वेळेचं. मी रविवारी दोन एलपी ऐकतो. नीट बसून, मध्ये फोन न घेता. अकराशेंना लागतात साडेपाचशे रविवार, म्हणजे साडेदहा वर्षं. आज माझं वय त्र्याहत्तर आहे. हा आकडा कागदावर मांडला आणि पेन खाली ठेवलं. याचा अर्थ असा, की माझ्याकडची प्रत्येक रेकॉर्ड मी फार तर आणखी एकदा ऐकणार. सगळं सुरळीत चाललं तर! ज्या मारव्यासाठी जीव टाकला, त्याची आणि माझी आता एकच भेट उरली. ती वाढवायची तर रेकॉर्डी कमी करायला हव्यात, दुसरा इलाज नाही.

संग्रहाला अंत नसतो, हे दाखवणारी माणसं जगात आहेत. ब्राझीलमधल्या साओ पावलोचे झेरो फ्रेटास नावाचे उद्योगपती जगभरातून रेकॉर्डी विकत घेत गेले आणि त्यांचा साठा लाखांत नव्हे, दशलक्षांत गेला. नुसती नोंद करायला त्यांना माणसं ठेवावी लागली. तो मार्ग आपल्यासाठी नव्हे.

आणि याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण आहे. १९७७ साली नासाने 'व्हॉयेजर' यानं सोडली. त्यावर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड ठेवली. सगळ्या मानवजातीची मिळून एकच रेकॉर्ड! त्यात संगीताचे सत्तावीस तुकडे, एकूण दीड तासाचे. पंचावन्न भाषांत शुभेच्छा, त्यांत मराठीही आहे. आणि भारताचं संगीत म्हणून एकच तुकडा: गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. बाईंना ध्वनिमुद्रणाची फारशी आवड नव्हती, त्यांच्या रेकॉर्डीही मोजक्याच. ही निवड करणाऱ्या चमूला ती रेकॉर्ड कुठे मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. यान निघालं आणि त्याच सप्टेंबर महिन्यात केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज २०१२ साली सूर्याच्या प्रभावाच्या कक्षेबाहेर पोचला.

मंडळी, मला त्या खोक्याची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रेकॉर्ड खोक्यात होती तोवर ती अडगळ होती. कुणीतरी ती मागितली, वाजवली, आणि ती आकाशगंगेच्या प्रवासाला निघाली. आपल्या लॉफ्टमध्ये अशी किती खोकी असतील?

कारण दुसरीही बाजू मी पाहिली आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे नाट्यसंगीताच्या ७८च्या दोनशेवर रेकॉर्डी. ते गेले, वहिनी मुलीकडे राहायला गेल्या, घर विकायला निघालं. घर रिकामं करणाऱ्यांनी एका दुपारी सगळं स्किपमध्ये भरलं. मुलांचा दोष नाही. त्यांना ती जड, काळी, फुटकी प्लेट वाटली. लेबलावर 'गांधारी' असं नाव असेल, तर ही गांधारी म्हणजे तरुणपणीच्या गंगूबाई हनगल, हे मुलांना सांगणार कोण? आपण सांगितलं नाही तर कुणीच नाही.

म्हणून मी प्रत्येक रेकॉर्ड हातात घेऊन चार प्रश्न विचारले. तुम्हीही विचारून बघा. रेकॉर्डींऐवजी पुस्तकं, भांडी किंवा साड्या असल्या तरी चालतील. (साड्यांचं मी फक्त सुचवतोय, सौ. पहिल्या रांगेत बसली आहे.)

पहिला प्रश्न: गेल्या तीन वर्षांत ही मी ऐकली का? नसेल, तर ती मला का हवी आहे?

दुसरा: हे गाणं दुसरीकडे सहज मिळतं का? लोकप्रिय चित्रपटगीतं आज फोनवर एका बोटाने लागतात. पण विस्मरणात गेलेल्या एखाद्या गायिकेची ७८ कदाचित कुठेच मिळणार नाही. ती जपायलाच हवी, मग माझ्याकडे असो वा अधिक जाणत्या हातांत. मुंबईत १९९० साली संग्राहकांनी एकत्र येऊन 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन केली ती याच तळमळीने. अशा जाणकारांना दाखवल्याशिवाय ७८ची एकही रेकॉर्ड टाकू नका, एवढं माझं ऐका.

तिसरा: मला हिची निगा राखता येते का? रेकॉर्डी उभ्या ठेवाव्या लागतात, आडव्या ढिगात नाही. रेडिएटरपासून दूर. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट लावलं की लाख विरघळते. ७८ला वेगळी, जाड सुई लागते. एलपीची सुई तिथे चालत नाही. जेवढ्यांची निगा राखता येईल, तेवढ्याच आपल्या म्हणायच्या.

आणि चौथा, सगळ्यात अवघड: माझ्यानंतर ही कुणाची? नाव सुचलं, तर त्या माणसाला आजच का देऊ नये? तो ऐकेल तेव्हा मला फोन तरी करेल!

या चार प्रश्नांतून तीनशे रेकॉर्डी उरल्या. चार फुटांचं एक शेल्फ. हीच माझी मर्यादा. नवीन एक आली, तर शेल्फवरची एक बाहेर. दीडशे रविवारांत, म्हणजे तीन वर्षांच्या आत, सगळ्या ऐकून होतात, की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. मारव्याशी आता तीन-चार भेटी तरी नक्की! दुर्मीळ अशा साठेक ७८ जाणकारांकडे द्यायच्या म्हणून वेगळ्या बांधल्या आहेत. वीसेक माझ्या नातवाने नेल्या. हल्लीच्या मुलांना एलपीचं पुन्हा वेड लागलंय ना! तो किशोरी आमोणकर ऐकतो की नुसतं कव्हर भिंतीवर लावतो, हे मी विचारलेलं नाही. आणि बाकीच्या या टेबलावर.

प्रत्येक कव्हरात मी एक चिठ्ठी घातली आहे. कोण गातंय, कुठला राग किंवा नाटक, कुठे मिळाली, आणि काय ऐकायचं. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे. तुमच्या मुलांना वाचता येईल.

आता या पैशांचं काय होणार ते सांगतो. यंदाचा आपला निधी महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातल्या कर्णबधिर मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी आहे. मूल भाषा शिकतं ते पहिल्या काही वर्षांत, आणि तेवढ्यात कानावर आवाज पडला नाही तर पुढे फार कठीण जातं. यंत्र एकदा दिलं की काम संपत नाही. मूल वाढतं तसा कान वाढतो, कानातला साचा पुन्हा पुन्हा बदलावा लागतो, बॅटरीही लागते. म्हणून समितीने यंत्रांबरोबर पुढच्या देखभालीचा खर्चही यंदाच्या निधीत धरला आहे. मला हे फार पटलं. माझ्या कानांनी पंचेचाळीस वर्षं चैन केली. त्या चैनीतून एखाद्या पोराला आईची हाक ऐकू आली, तर त्या रेकॉर्डींचं सोनं झालं.

तेव्हा बोली मोकळ्या हाताने लावा. घासाघीस मंडईत करू! ज्यांच्याकडे टर्नटेबल नाही, त्यांनी थेट देणगी द्यावी. इथे कर भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म जरूर भरा. तुमच्या प्रत्येक पौंडावर सरकार पंचवीस पेन्स घालतं, आणि तुमच्या खिशाला त्याची तोशीस नाही.

आणि एक विनंती. आज घरी गेल्यावर पोटमाळ्यावर एकदा चढा. एखादं खोकं खाली काढा. आवाज निघत असेल तर वाजवा, कुणाला तरी बोलावून ऐकवा. मला बोलावलंत तर मी येईन. मात्र "काका, हेही घ्या" म्हणू नका. शेल्फ भरलंय!

वड्यांचा वास आला.