दोन दुकाने म्हणजे बाजार नव्हे



ठाण्याचा घरचा दूरध्वनी ०२२ चा, आणि कल्याण-डोंबिवलीचा ०२५१ चा. लोकल एकच, कचेरी एकच. पण तारेच्या हिशेबी डोंबिवली मुंबईबाहेर. भ्रमणध्वनीच्या परवान्यांत मात्र कल्याणही मुंबईच्याच क्षेत्रात आले. म्हणून मुंबईच्या बाजारात जे घडले ते आपल्याही खिशाला भिडले.

१९९४ च्या धोरणाने दार उघडले. १९९५ मध्ये मुंबई क्षेत्रात बीपीएल आणि हचिसन मॅक्स अशा दोन कंपन्या आल्या. मक्तेदारी गेली, पण स्पर्धा आली काय? गल्लीत दोनच वाणी असले म्हणजे ते एकमेकांच्या पाटीवर नजर ठेवूनच भाव लिहितात. दाटीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर होता, आणि आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत! फोन वाजला की क्रमांक पाहायचा आणि कोपऱ्यावरच्या पीसीओकडे धावायचे, हा तेव्हाचा शहाणपणा होता.

पालट झाला तो नवे भिडू आल्यावर. २००१ मध्ये सरकारी महानगर टेलिफोन निगम भ्रमणध्वनीत उतरले, पुढच्याच वर्षी भारती आली, आणि २००२ च्या डिसेंबरात रिलायन्सने आपली सेवा जाहीर केली. १ मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला.

तरीही एक बेडी उरली होती. दुकानाच्या पाटीवर रंगवलेला क्रमांक बदलायचा कसा? कंपनी नकोशी झाली तरी क्रमांकापायी माणूस तिच्याशीच बांधलेला. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली आणि ही बेडी तुटली.

पुढे २०१६ मध्ये जिओ आली. भाव कोसळले, ग्राहक सुखावला; पण कित्येक कंपन्या मिटल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. आज मोठ्या खासगी कंपन्या तीनच उरल्या आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये तिघींनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. त्यांनी संगनमत केले असे मी म्हणत नाही. भिडू थोडे असले की संगनमताची गरजच पडत नाही, एवढेच माझे म्हणणे.

तात्पर्य, बाजार एकदा खुला केला की काम संपले, असे नव्हे. नव्याला आत येता आले पाहिजे, ग्राहकाला बाहेर पडता आले पाहिजे, आणि पंच जागा असला पाहिजे. स्वस्ताईच्या दिवसांत आपण टाळ्या वाजवतो. दुकाने मोजायची खरी वेळ तीच असते.