पूर्वपरीक्षेचा अंदाज आणि बोर्डाचा निकाल

(दहावी १९९६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. आठवणी सांगणारे माझ्यानंतर बरेचजण आहेत, त्यामुळे मी एका कामाबद्दल बोलते.

बॅचतर्फे शाळेला काहीतरी द्यायचं असं दोन महिन्यांपूर्वी आपल्या ग्रुपवर ठरलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून मला सूचना आली: पूर्वपरीक्षेचे गुण भरले की मार्चमध्ये कोणाला किती पडतील, हे सांगणारा प्रोग्रॅम करून दे. काठावरची मुलं शाळेला आधीच कळतील. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे आणि काम अवघडही नाही. मागच्या आठ-दहा वर्षांचे पूर्वपरीक्षेचे आणि बोर्डाचे गुण मिळाले तर चार रविवारांत होईल. तरीही मी लगेच हो म्हटलं नाही. का, ते सांगते.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. शिक्षकांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. वर्षभर वह्या तपासणाऱ्या बाईंना मुलाची तयारी माहीत असते, त्यात जादू नाही. पण हवामानाचा अंदाज ढगांना ऐकू जात नाही, आणि शिक्षकांचा अंदाज मुलापर्यंत पोहोचतो. तो आधी शिक्षकांच्या वागण्यात उतरतो आणि मग मुलाच्या.

यावरचा सगळ्यांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतला आहे. रॉबर्ट रोझेन्थाल हे मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिका. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं दिली: ही मुलं यंदा झपाट्याने पुढे जातील. प्रत्यक्षात ती नावं, साधारण पाचातलं एक मूल, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षअखेरीस पुन्हा चाचणी घेतली तेव्हा पहिली-दुसरीतली ही मुलं इतरांपेक्षा जास्त पुढे गेलेली दिसली. वरच्या वर्गांत फरक फारसा नव्हता. १९६८ साली याचं पुस्तक आलं आणि त्यावर कडक टीकाही झाली. पुढे १९८४ मध्ये स्टीफन रॉडनबुश यांनी असे अठरा प्रयोग एकत्र तपासले. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असतील, तर बाहेरून दिलेल्या अशा माहितीचा परिणाम जवळजवळ उरत नाही, असं त्यांना दिसलं. मला यातून एवढंच घ्यायचं आहे की मुलाची ओळख जितकी कमी, तितकं त्याच्या नावापुढचं लेबल जड होतं. आणि आज एका वर्गात साठ-सत्तर मुलं असतात.

हे लेबल काम कसं करतं, तेही रोझेन्थाल यांनी मांडलं होतं. ज्याच्याकडून अपेक्षा आहे त्याच्याशी आपण मोकळेपणाने बोलतो, त्याला जास्त शिकवतो, त्याच्या उत्तरासाठी थोडं जास्त थांबतो, आणि चुकला तर कुठे चुकलं ते सांगतो. ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याला 'बस खाली' म्हणून पुढच्याला विचारतो. यात कोणाच्या मनात वाईट नसतं.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. तिथे विद्यापीठाचे प्रवेश शिक्षकांनी दिलेल्या अंदाजी श्रेणीवर आधीच ठरतात आणि निकालानंतर पक्के होतात. गिल वाइनेस यांनी २०१६ मध्ये हे आकडे तपासले तेव्हा फक्त १६ टक्के विद्यार्थ्यांचा अंदाज तंतोतंत जुळला. बहुतेकांना प्रत्यक्षापेक्षा जास्त श्रेणी दिलेली होती. मात्र हुशार मुलांमध्ये पाहिलं, तर गरीब घरच्यांना कमी अंदाज मिळण्याचं प्रमाण जास्त होतं. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षाच रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक मुलाची श्रेणी आणि वर्गातला क्रम कळवला, आणि त्यावर सरकारी सूत्राने शाळेचा जुना निकाल लावला. १३ ऑगस्टला ए-लेव्हलचा निकाल लागला तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आलेल्या होत्या. एखाद्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी मुलं असतील तर शिक्षकांचीच श्रेणी कायम राहत होती, आणि असे छोटे वर्ग खासगी शाळांत जास्त. मुलं रस्त्यावर आली आणि १७ ऑगस्टला सरकारने निर्णय फिरवला. त्या सूत्रात बेरीज-वजाबाकीची चूक नव्हती. आधीच्या वर्षांच्या मुलांचे निकाल यंदाच्या मुलाच्या कपाळी लावले, हा दोष होता. मी करणार असलेला प्रोग्रॅमही जुन्या निकालांवरच चालणार आहे.

आपल्याकडे २०२१ मध्ये दहावीचे गुण असेच शाळेतून गेले. नववीच्या निकालाला ५०, दहावीतल्या लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंना २०. निकाल लागला ९९.९५ टक्के. नववीची परीक्षा देताना तिचं वजन निम्मं होणार आहे, हे कुठल्याच मुलाला माहीत नव्हतं.

म्हणून बोर्डाच्या पेपरावर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतातच एक प्रयोग केला होता. उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर जात, वय, मुलगा की मुलगी हे मनानेच, कसंही लिहिलं आणि पेपर शिक्षकांकडून तपासून घेतले. खालच्या मानलेल्या जातीचं नाव असलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण काठावरच्या मुलाला लहान फरकही पुरतो.

आता आपल्याबद्दल. आजच्या मेळाव्याची यादी दहावीच्या हजेरीपटावरून केली आहे. नववी 'क' च्या हजेरीपटात मात्र याहून जास्त नावं होती. काहींना नववीत बसवलं गेलं, काहींना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा, असं सांगितलं गेलं. तेव्हा अनेक शाळांत ही रीत होती, आणि शंभर टक्के निकालाचा दबाव सरांवर-बाईंवर वरून असायचा, हे मला माहीत आहे. पण त्या मुलांबद्दलचा अंदाज बरोबर होता की चूक, हे कधी कळलंच नाही. त्यांना आपल्याबरोबर त्या परीक्षेला बसूच दिलं नाही. जो अंदाज कधी तपासला जात नाही, तो कायम बरोबरच वाटत राहतो.

तेव्हा प्रोग्रॅम मी करून देईन. माझ्या तीन अटी आहेत.

पहिली, त्यातून मुलाच्या हाती एकूण गुणांचा आकडा येणार नाही. कुठल्या धड्यात, कुठल्या प्रकारच्या प्रश्नात गुण गेले आणि मार्चपर्यंत काय करायचं, एवढंच येईल. पूर्वपरीक्षेच्या माझ्या भूमितीच्या पेपरावर बाईंनी गुणांखाली लिहिलं होतं, 'रोज एक रचना काढ.' किती पडतील ते लिहिलं नव्हतं. मी रोज एक रचना काढली. बाई समोर बसल्या आहेत, त्यांना हे आठवत नसेल, मला आठवतंय.

दुसरी, अंदाजाचा आकडा निकाल लागेपर्यंत कोणीही पाहायचा नाही. वर्गशिक्षकांनीही नाही, पालकसभेत तर नाहीच. जूनमध्ये तो निकालाशेजारी ठेवून पाहू: कुठे चुकला, कोणाच्या बाबतीत चुकला, मुलींच्या बाबतीत जास्त चुकला का, लांबून एसटीने येणाऱ्यांच्या बाबतीत चुकला का.

तिसरी, नववीतून कोणाला दहावीत घ्यायचं, यासाठी तो कधीही वापरायचा नाही. तसं होणार असेल तर मी एक ओळही लिहिणार नाही.

आणखी एक विनंती. बॅचच्या निधीतून पहिल्या तीन क्रमांकांना बक्षिसं द्यायचं ठरतंय. त्यातले निम्मे पैसे पूर्वपरीक्षेनंतरच्या पाच-सहा आठवड्यांत शाळेतच संध्याकाळच्या वर्गासाठी ठेवू या. आपल्यात दोघं सीए आहेत, एक गणित शिकवते, निवृत्त झालेले सरही तयार आहेत. मी शनिवारी येईन.

आणि नववीच्या हजेरीपटातल्या त्या नावांपैकी कोणाचा फोन नंबर असेल तर आज जेवणाच्या वेळी मला द्या. पुढच्या मेळाव्याची यादी नववीपासून करू.