परराज्यातला विद्यार्थी आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील विद्यार्थ्याने प्रवेश मागावा की नाही, आणि मागितल्यास त्याला कोणत्या अटींवर द्यावा, हा विषय रुक्ष वाटेल. परंतु ‘आपला’ कोण आणि ‘परका’ कोण, हा राजकारणातला मूळ प्रश्न त्यातच दडलेला आहे. म्हणून एका उदाहरणापासून सुरुवात करतो.

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी या दुष्काळी टापूतील हजारो माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगली आहेत. कल्पना करा, अशाच एका गलाई कारागिराची मुलगी दक्षिणेतील एखाद्या राज्यात दहावी-बारावी झाली आणि तिला डॉक्टर व्हायचे आहे. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या. त्यांसाठी अधिवासाचा दाखला तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेली असावी, ही सर्वसाधारण अट. बदलीवर जाणाऱ्या सरकारी नोकरांच्या आणि सैनिकांच्या मुलांना या अटीतून काही सवलती आहेत. गलाई कारागिराची बदली कोणी सरकार करीत नाही, ती दुष्काळ करतो. म्हणून त्याच्या मुलीला सवलत नाही. ती जिथे शिकली त्या राज्याच्या निवासविषयक अटींत तिचे कागद बसले तर ठीक; न बसले तर ती दोन्ही राज्यांत परकी ठरते. मग तिच्यासाठी उरतो तो अखिल भारतीय कोटा, म्हणजे शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा. तिथे तिची स्पर्धा साऱ्या देशाशी. ही मुलगी अनुसूचित जातीची असेल तर आणखी एक अडचण आहे. स्थलांतराबरोबर मूळ राज्यातील जातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली म्हटले आहे.

आता या १५ टक्क्यांचा इतिहास पाहू. मध्य भारत राज्याने इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेण्यास सुरुवात केली, तेव्हा दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्यास आव्हान दिले. १९५५ साली न्यायालयाने बहुमताने राज्याच्या बाजूने निकाल दिला. संविधान जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई करते, निवासावरून नाही, हा त्यामागचा तर्क. पुढे राज्यांनी जवळजवळ सर्वच जागा आपल्यासाठी राखण्याचा सपाटा लावला. १९८४ साली डॉ. प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने बजावले की, भारतात अधिवास एकच आणि तो भारताचा. मात्र राज्याराज्यांतील विषमता ध्यानी घेऊन पदवीच्या ७० टक्क्यांपर्यंत जागा निवासाच्या आधारे राखता येतील. त्यानंतर दिनेशकुमार खटल्यात देशभरासाठी खुल्या ठेवावयाच्या जागांचे प्रमाण १५ टक्के ठरले, ते आजतागायत आहे. २९ जानेवारी २०२५ च्या निकालाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील निवासाधारित राखीव जागा घटनाबाह्य ठरवल्या, पदवीस्तरावरच्या राहिल्या.

या १५ टक्क्यांतही सामाजिक न्याय उशिराच पोहोचला. अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण तिथे २००७ साली आले. राज्यांच्या महाविद्यालयांतील या जागांवर इतर मागासवर्गीयांचे २७ टक्के आरक्षण २०२१-२२ च्या प्रवेशापासून. म्हणजे मधली सुमारे ३५ वर्षे इतर मागासवर्गीय विद्यार्थ्याने राज्याची सीमा ओलांडली की त्याचे मागासलेपण सरकारदप्तरी संपत असे!

राज्यांचा युक्तिवाद काय? महाविद्यालय आमच्या करदात्यांच्या पैशावर चालते, तेव्हा जागा आमच्या मुलांना. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी हा युक्तिवाद उडवून लावणार नाही. एक डॉक्टर घडविण्यास सार्वजनिक तिजोरीतून मोठी रक्कम जाते, आणि तो शिकून निघून गेला तर मागास प्रदेशाचे नुकसान होते, हे खरे. परंतु कर कोण भरतो? गलाई कारागीर जिथे मीठमिरची, कापडचोपड विकत घेतो तिथे अप्रत्यक्ष कर भरतोच. त्याच्या पाठीवरील कराला अधिवासाचा दाखला लागत नाही. आणि शिकून निघून जाण्याचे म्हणाल, तर राज्यातला विद्यार्थीही पदवी घेऊन गडचिरोलीस जातो की पुण्यामुंबईस, हे आपण पाहतोच. जन्माचा दाखला सेवेची हमी देत नाही. हमी हवी असेल तर ती सेवेच्या अटीतून घ्यावी, आणि घरच्या व बाहेरच्या विद्यार्थ्याकडून सारखीच घ्यावी.

भिंती बांधण्याची सवय लागली की ती राज्याच्या सीमेवर थांबत नाही. आपल्याच महाराष्ट्रात ७०:३० चे सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग; प्रत्येकात ७० टक्के जागा त्या भागातील विद्यार्थ्यांना, ३० टक्के साऱ्या राज्याला. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी, म्हणून तिथल्या विद्यार्थ्याला अधिक गुण असूनही डावलले जाई. लातूरचा मुलगा पुण्यात ‘बाहेरचा’ ठरे! विद्यार्थी-पालकांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०२० साली हे सूत्र रद्द झाले.

याउलट, पैसा असलेला विद्यार्थी कोणत्याच राज्यात परका नसतो. अभिमत विद्यापीठांत अधिवास विचारीत नाहीत, शुल्क विचारतात. खाजगी महाविद्यालयांत १५ टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवता येतात. १९८९ साली कर्नाटक सरकारने खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी वार्षिक शुल्काचे दर ठरवून दिले : शासकीय कोट्यातल्या विद्यार्थ्यास २,००० रुपये, राज्यातील इतरांस २५,००० आणि परराज्यातल्यास ६०,०००. परकेपणाला इतकी उघड किंमत क्वचितच लावली गेली असेल. मीरतच्या एका विद्यार्थिनीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९९२ साली कॅपिटेशन शुल्क घटनाविरोधी ठरले. तरी निरनिराळ्या नावांनी तो बाजार चालूच राहिला.

तेव्हा आपली भूमिका कोणती असावी? ‘सर्व जागा भूमिपुत्रांना’ ही घोषणा टाळ्या मिळवते, पण तिच्यापुढे आपल्या गलाई कारागिराची मुलगीच पहिली बळी पडते. उलट ‘सर्व जागा केवळ गुणवत्तेला’ ही घोषणा महागड्या शिकवणी वर्गांच्या हाती सारे सोपवते. दोन्ही मला अमान्य आहेत. मागास प्रदेशासाठी राखीव जागा असाव्यात. मात्र त्यांचा आधार जन्माचा कागद नसून वंचितता असावी. तमिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या. हा मार्ग मला अधिक समाजवादी वाटतो, कारण त्याने दारिद्र्याचा विचार केला.

यातून चार मागण्या निघतात. पहिली, स्थलांतरित श्रमिकांच्या मुलांना सरकारी नोकरांच्या मुलांप्रमाणेच दहावी-बारावीच्या अटीतून सूट मिळावी. कोणतेही मूल राज्याविना राहू नये. दुसरी, सरकारी व ग्रामीण शाळांतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातही जागा राखाव्यात. तिसरी, ग्रामीण सेवेची अट सर्वांना सारखी असावी आणि पैसे भरून तीतून सुटका कोणालाही नसावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, शासकीय महाविद्यालये व तेथील अध्यापक वाढवावेत. जागा अपुऱ्या ठेवायच्या आणि गरिबांना त्यांवरून आपसांत झुंजवायचे, हा जुना डाव आहे.

मागण्या मान्य होईतो हातावर हात ठेवून बसू नये. अधिवास, जात आणि उत्पन्न यांचे दाखले वेळेवर न मिळाल्याने प्रवेश हुकतात. प्रत्येक तालुका कार्यालयात एका कार्यकर्त्याने परीक्षेच्या आधीच हे काम अंगावर घ्यावे. विशेषतः परराज्यांत राबणाऱ्या कुटुंबांना, मूल नववीत जाण्यापूर्वीच, हे नियम समजावून सांगावेत. नंतर सांगून उपयोग नाही.

साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्याच्याविषयी प्रेम बाळगावे, हे त्याचे सार. आपण त्यांची नावे घेतो, त्यांची गाणी गातो. पण परप्रांतातून आलेली मुलगी आपल्या महाविद्यालयाच्या दाराशी उभी राहिली की आधी तिचा दाखला मागतो. ती मुलगी बिहारची असू शकेल, तशीच विट्याचीही असू शकेल, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.