असली कोणती, नकली कोणती? – इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा प्रश्न

(रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अस्सल आणि बनावट यांतील भेद रत्नागिरी जिल्ह्याला नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. हापूसच्या हंगामात परप्रांतीचा आंबा ‘रत्नागिरी हापूस’ या नावाच्या पेटीत भरून विकला जातो, ही येथील बागायतदारांची जुनी तक्रार होय. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. पातळ साल, केशरी गर आणि न दाबताही दरवळणारा सुवास ही जाणकाराची खूण. मानांकन ही कायद्याची खूण. फळ अस्सल आहे काय, असे विचारण्यास येथे अर्थ आहे. कारण अस्सल फळ अस्तित्वात आहे, ते पिकविणारा ठाऊक आहे आणि त्याच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे.

हाच प्रश्न अलीकडे इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या, म्हणजेच ‘व्हेप’च्या बाबतीत विचारला जातो. चोरून माल विकणारा ‘आपला माल ओरिजिनल आहे’ अशी ग्वाही देतो आणि घेणारा वेष्टन न्याहाळून समाधान मानतो. तेव्हा या वस्तूच्या बाबतीत ही पारख कितपत टिकते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. आजच्या धर्तीची इलेक्ट्रॉनिक सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमध्ये तयार झाली. तिच्यात एक बॅटरी, तापणाऱ्या तारेचे वेटोळे व द्रवाची लहानशी टाकी असते. या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, कृत्रिम स्वाद आणि बहुधा निकोटीन असते. ओढताच तार तापते, द्रवाचे सूक्ष्म तुषार होतात व ते फुफ्फुसात जातात. तंबाखू जळत नाही, म्हणून धूर नाही व ओळखीचा वासही नाही. असतो तो फळाचा किंवा पुदिन्याचा गोड गंध. आकार कधी पेनासारखा, कधी संगणकाच्या पेनड्राइव्हसारखा. त्यामुळे ती दप्तरात सहज दडते.

ज्या देशांत तिची विक्री कायदेशीर आहे, तेथे अस्सल मालाच्या काही खुणा सांगितल्या जातात. ब्रिटन व युरोपीय संघ यांच्या नियमांनुसार एक मिलिलिटर द्रवात २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक निकोटीन असता कामा नये आणि टाकी २ मिलिलिटरहून मोठी असता कामा नये. वेष्टनावर निकोटीनच्या व्यसनाचा इशारा व उत्पादनाचा गट क्रमांक असावा लागतो. काही उत्पादक खरवडून पाहण्याचा सांकेतिक क्रमांकही देतात. याउलट अशुद्ध छपाई, चुकलेली अक्षरे, मर्यादेहून मोठी टाकी ही बनावट मालाची लक्षणे समजली जातात.

तथापि या खुणांचे मोल त्यांच्यामागे उभ्या असलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असते. तेथे उत्पादनाची नोंद शासनाकडे होते, निरीक्षक दुकाने तपासतात आणि तक्रार ऐकणारा कोणी असतो. ही व्यवस्था वजा केली, तर वेष्टन म्हणजे केवळ रंगीत कागद उरतो. छपाई सुबक करता येते. खोट्या संकेतस्थळाकडे नेणारा सांकेतिक क्रमांकही छापता येतो. आत कोणता द्रव आहे, हे मात्र प्रयोगशाळेखेरीज कोणी सांगू शकत नाही.

भारतात ही व्यवस्था नाही आणि असण्याचे कारणही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र शासनाने अध्यादेश काढला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचे कायद्यात रूपांतर झाले. इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा व जाहिरात या सर्वांस या कायद्याने मनाई केली. इलेक्ट्रॉनिक हुक्काही त्यात येतो. साठ्याव्यतिरिक्त अन्य कृत्यांबद्दल पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा अपराध केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड. साठ्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. यांत अस्सल व बनावट असा भेद कोठेही केलेला नाही. किंबहुना, या देशाच्या बाजारात ‘अस्सल’ ई-सिगारेट नावाची वस्तूच असू शकत नाही. जी येते ती चोरट्या वाटेने, आणि चोरट्या वाटेच्या मालाला जामीन कोणी नसतो.

याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे अमेरिकेने २०१९ मध्ये अनुभवले. व्हेप ओढणाऱ्यांत फुफ्फुसाच्या तीव्र विकाराची साथ पसरली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची व ६८ मृत्यूंची नोंद झाली. बहुसंख्य रुग्णांनी गांजातील मादक द्रव्य असलेला द्रव वापरला होता, आणि असा माल बहुतांशी अनधिकृत मार्गाने मिळविलेला होता. त्यात मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ या पदार्थाशी विकाराचा निकट संबंध आढळला. ही भेसळ डोळ्यांना दिसणारी नव्हती. अर्थात शुद्ध निकोटीनही निरुपद्रवी नाही. त्याचे व्यसन जडते आणि वाढत्या वयातील मेंदूवर त्याचा अनिष्ट परिणाम होतो.

यास्तव शिक्षकांनी वस्तू ओळखावी, तिचा अस्सलपणा तपासत बसू नये. वर्गात किंवा स्वच्छतागृहात अकारण गोड गंध, पेनासारखी पण लिहिता न येणारी नळी, तोंडात धरावयाची चपटी बाजू, भरणीसाठीचे छिद्र अथवा टोकाशी लुकलुकणारा दिवा आढळल्यास सावध व्हावे. सापडलेली वस्तू फोडू नये, जाळू नये. आतील बॅटरी पेट घेऊ शकते व द्रव विषारी असतो. ती पोलिसांच्या स्वाधीन करावी. उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास या कायद्याखाली झडती व जप्तीचे अधिकार आहेत.

ग्रामपंचायतींनी शाळेच्या परिसरातील दुकानांवर लक्ष ठेवावे. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्यान्वये बंदी आहेच. ई-सिगारेटला तर सर्वत्र बंदी आहे.

मुलाच्या बाबतीत मात्र धोरण वेगळे हवे. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे. मुलाला चारचौघांत अपमानित केले, तर ते सवय अधिक खोल दडविते आणि पुरवठा करणाऱ्याचे नावही सांगत नाही. पालकांना विश्वासात घ्यावे, जवळच्या शासकीय रुग्णालयात सल्ला घ्यावा, किंवा १८००-११२-३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचे विनामूल्य साहाय्य घ्यावे. विश्वासात घेतलेले मूल ही वस्तू कोणाकडून आली ते सांगेल, आणि पुढील दहा मुलांकडे जाणारी वाट तेथेच बंद करता येईल.