देवघेवीच्या मेजामागची माणसे



1893 च्या जून महिन्यात विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांनी ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले, तेव्हा केवळ मराठी ग्रंथांचाच संग्रह करावा ही कल्पना नवी होती. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय निघावयास त्यानंतर आणखी पाच वर्षे जावी लागली. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून मराठी वाङ्मयेतिहासाचा पाया घालणाऱ्या भाव्यांचे वय त्या समयी अवघे एकवीस वर्षांचे होते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर त्याहूनही जुने, 1864 सालचे. आगगाडी कल्याणास पोहोचून जेमतेम दहा वर्षे होतात तोच ते सुरू झाले. या संस्थापकांचे स्मरण आपण दरसाल करतो आणि ते उचितच आहे. परंतु संस्था स्थापन होते एका दिवशी आणि चालवावी लागते ती नित्य. आणि ती ज्यांनी नित्य चालविली, त्या ग्रंथपालांची, निर्गम सहायकांची, लिपिकांची आणि शिपायांची नावे हजेरीपटाबाहेर क्वचितच कोठे सापडतात. आजचे व्याख्यान त्यांच्यासाठी आहे.

त्यांच्या कामाचे स्वरूप बाहेरून दिसत नाही. सकाळी दार उघडल्यावर पहिले काम असते ते कपाटे लावण्याचे. आदल्या दिवशी वाचकांनी हाताळलेली पुस्तके आपापल्या क्रमांकाच्या जागी गेली पाहिजेत. कारण कादंबऱ्यांच्या कप्प्यात चुकून शिरलेले एखादे चरित्र दाखल नोंदवहीत असते, तालिकेत असते, इमारतीतही असते, आणि तरीही मागणाऱ्याच्या दृष्टीने ते गहाळच असते. पावसाळ्यात खाडीकाठच्या या गावांत हवेला जी ओल धरते, तिच्यापासून जुन्या बांधणीचे ग्रंथ राखणे, कसर लागलेली प्रत वेळीच वेगळी काढणे, सुटू लागलेली पाने पुरती निखळण्यापूर्वी बांधणीस पाठविणे, हे सारे ज्या दिवशी चोख होते त्या दिवशी कोणाच्याच ध्यानात येत नाही. उत्तम सेवेचे हे दुर्दैवच म्हटले पाहिजे.

एका वाचनालयात मी पाहिलेली एक हकीकत सांगतो. एक वृद्ध गृहस्थ आपल्या दिवंगत वडिलांची एक छापील कथा शोधीत आले. अंकाचे नाव त्यांना आठवत नव्हते, साल ठाऊक नव्हते. कोणत्या तरी दिवाळी अंकात ती आली होती, एवढेच ते सांगत होते. मेजामागच्या बाईंनी “साल सांगा, मग बघू” असे म्हणून त्यांना वाटेस लावले नाही. त्यांनी विचारले, “काका, तो अंक घरी आला तेव्हा तुम्ही कितवीत होता?” गृहस्थ म्हणाले, “सातवीत. त्याच वर्षी आम्ही चाळीतून निघालो.” एवढ्या धाग्यावरून दोन-तीन साले निश्चित झाली, आणि देवघेवीची गर्दी ओसरल्यावर रोज थोडे याप्रमाणे बाईंनी त्या सालांच्या दिवाळी अंकांचे बांधीव खंड पान पान चाळले. कथा मिळाली. गृहस्थांनी ती तेथेच उभ्याने वाचली. वाचनालयाच्या दप्तरी मात्र या साऱ्या खटाटोपाची नोंद ‘संदर्भसेवा : 1’ एवढीच झाली.

डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे ग्रथित केली, त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. हे सूत्र डोंबिवलीइतके अन्यत्र क्वचितच खरे ठरत असेल. पहाटेची लोकल गाठून गेलेला आणि दिवेलागणीनंतर परतलेला चाकरमानी स्थानकावरून घरी जाता जाता वाचनालयात डोकावतो, तेव्हा त्याच्यापाशी दहा मिनिटांहून अधिक अवकाश नसतो. त्याची रुची ओळखून एखादे पुस्तक आधीच काढून ठेवणारा, दार लावण्याची वेळ झाली असताही जिन्यावर पावले ऐकून थांबणारा सेवक या उपनगरी संसारात वाचन जिवंत ठेवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, घरी बसावयास जागा नसलेल्या मुलामुलींनाही त्याचाच आधार असतो.

शासनाने 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, अनुदानाची पद्धत घातली. उत्कृष्ट ग्रंथालयांना डॉ. आंबेडकरांच्या नावाचा आणि उत्कृष्ट कार्यकर्ते व सेवक यांना रंगनाथनांच्या नावाचा पुरस्कार देण्याचा शिरस्ता पाडला. हे स्तुत्य आहे. पण राज्यात दहा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त ग्रंथालये असताना मोजक्या पुरस्कारांचा प्रकाश कितीजणांपर्यंत पोहोचणार? शिवाय वेतनश्रेणीची मागणी वर्षानुवर्षे पडून राहावी आणि तुटपुंज्या मानधनावर माणसाने हयात काढावी, ही गोष्ट कोणत्याही शालीने झाकता येणारी नाही. गौरव करावयाचा तो वेतनाच्या बदल्यात नव्हे. दोन्ही त्यांचे हक्काचे आहे.

म्हणून कार्यकारी मंडळांना माझी विनंती आहे की, वार्षिक अहवालात जमाखर्चाइतक्याच अगत्याने सेवकांच्या कामाचे एक प्रकरण असावे. आकड्यांचे नव्हे, हकीकतींचे, आणि नावानिशी. वर्धापनदिनी पाहुण्यांच्या सत्काराआधी सेवकांचा सत्कार व्हावा, आणि तो वाचकांच्या हस्ते व्हावा. सभासदहो, आपल्यासाठीही एक काम आहे. ज्या कोणी आपणांस हवा तो ग्रंथ शोधून दिला असेल, त्यांचे नाव, ग्रंथाचे नाव आणि तारीख घालून चार ओळींचे पत्र चिटणिसांकडे रुजू करा. येत्या वार्षिक सभेपूर्वी करा, म्हणजे ते अहवालात छापता येईल.